कुळागरात ऐकू येणारे १२८७

आकाशवाणी पणजीच्या मिडियम वेव्ह सेवेवरचा हा अभिप्राय पणजीत बसून रेडिओ ऐकणाऱ्यांच्या फारसा कामाचा नाही. पणजीत काय, काहीही लावा, लागते. मी फोंडा तालुक्यात, सावईवेरेच्या बाजूला राहते. घर डोंगराच्या उतारावर, आणि घरापासून खाली ओहळापर्यंत कुळागर. पोफळी, माड, पोफळींवर चढवलेली मिरी, मधल्या सावलीत जायफळ नि केळी. दिवसातला बराच वेळ मी खालीच असते आणि दोन्ही हात एकतर मातीत किंवा सुपाऱ्यांत. तिथे जो आवाज पोचतो त्यालाच मी सेवा म्हणते. माझ्याकडे पोचते ती आकाशवाणी पणजी, मिडियम वेव्ह, १२८७ किलोहर्ट्झ. १०५.४ वर एफएम रेनबो आहे, खाजगी एफएम आहेत, फोनवर तर सगळे जगच आहे. पण कुळागरात उतरले की ही सगळी मंडळी वर अंगणातच थांबतात.

त्यात त्यांचा दोष नाही. एफएमची लहर सरळ रेषेत जाते. डोंगर आडवा आला की पलीकडे तिची सावली पडते, आणि आमचे घर नेमके त्या सावलीत. १२८७ची लहर साधारण २३३ मीटर लांब. एवढी लांब लहर टेकड्यांना फारशी जुमानत नाही, जमीन धरून येते. बांबोळीच्या पठारावर १०० किलोवॅटचा ट्रान्समीटर आहे, तिथून निघालेला आवाज भर दुपारी आमच्या पाटाच्या कडेला ठेवलेल्या सेटवर स्वच्छ लागतो. स्वच्छ म्हणजे बोललेला शब्द न् शब्द कळतो. गाण्यातली झांज, सतारीची वरची किणकिण यांची अपेक्षा धरू नये. मिडियम वेव्हवर दोन केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचे अंतर असते, तेवढ्या अरुंद जागेत वरचे सूर मावत नाहीत. ज्यांना गाणे हेडफोन लावून ऐकायचे आहे त्यांनी १०५.४ लावावे, आणि डोंगराच्या योग्य बाजूला घर घ्यावे.

नव्या माणसांना माहीत नसते म्हणून सांगते. रेडिओची चकचकीत ओढायची काठी एफएमसाठी असते. मिडियम वेव्हची एरियल सेटच्या पोटात: एक काळी कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. त्यामुळे आवाज पडला तर काठी ओढून काही होत नाही, अख्खा सेट फिरवावा लागतो. कांडीचे टोक केंद्राकडे झाले की आवाज पडतो, कांडी केंद्राला आडवी झाली की चढतो. माझ्या सेटची जागा एका पोफळीच्या बुंध्याशी ठरलेली आहे आणि तोंडही ठरलेले आहे. कोणी पाहुण्याने कौतुकाने उचलून बघितला की मला कळते.

आता मिडियम वेव्हचा दुर्गुण म्हणून जो सांगतात, तो माझ्या लेखी तिचा सर्वात मोठा गुण आहे. वीज चमकली की ती खरखरते. मे महिन्याच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरात, परतीच्या पावसाच्या दिवसांत, आकाश वर निळे दिसत असते पण घाटाच्या बाजूला कुठेतरी विजा सुरू झालेल्या असतात. गडगडाट ऐकू यायच्या कितीतरी आधी रेडिओ कडकडायला लागतो. नारळ उतरवणारा पाडेली माडावर असेल तर तोही कान ठेवून असतो. ‘बाय, रेडिओ करकरता. हांव देंवतां,’ म्हणून तो उतरतो आणि मी अडवत नाही. एफएमला ही अक्कल नाही. फोनवरचा हवामानाचा इशारा यायला आधी रेंज लागते.

रात्रीचे मात्र सगळे बदलते. सूर्य मावळला की आकाशातला एक थर विरतो आणि दूरदूरची केंद्रे वरून परतून खाली उतरतात. धारवाडचे ७६५ आमच्याकडे दिवसाही लागते. अंधार पडल्यावर सांगलीचे १२५१, पुण्याचे ७९२ हेही ओळीने हजर. ऐकायला मजा, पण त्याच वेळी आपल्या १२८७च्या मागे कोणीतरी अनोळखी भाषेत बोलत असल्यासारखे वाटते. रात्रीच्या नाटकाची किंवा गायनाची मजा त्यामुळे कमी होते. दिवसा मी या केंद्राच्या ऐकू येण्याला पाचपैकी पाच देईन, रात्री तीन.

केंद्राच्या वयाबद्दल. हे केंद्र आमच्या घरात माझ्या आधीपासून आहे. आजोबांनी व्हॉल्व्हचा सेट आणला तेव्हा गावात वीज नव्हती, मोठ्या बॅटरीवर तो चालायचा आणि बॅटरी संपू नये म्हणून कोणी किती ऐकायचे हे आजी ठरवायची. तेव्हा केंद्राचे नाव ‘एमिसोरा द गोवा’. पोर्तुगीज सरकारने ते सुरू केले १९४६ साली. गोवेकराला हे साल वेगळ्या कारणाने पाठ असते: त्याच वर्षी १८ जूनला डॉ. राममनोहर लोहिया मडगावात भाषणाला उभे राहिले आणि पकडले गेले. म्हणजे सरकारने स्वतःसाठी माइक लावला त्याच साली परवानगीशिवाय बोलणाऱ्याला उचलले. लग्नपत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरला दाखवावी लागे, तिथे रेडिओवर काय बोलले जात असेल याचा अंदाज करता येतो.

तरीही लोक ऐकत, कारण गाणी असत. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व प्रसारणमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. भारतातले लोक मग रेडिओ सिलोन लावू लागले, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या काळात गोव्याचे केंद्रही हिंदी गाण्यांसाठी सीमेपलीकडे ऐकले जाई, हे आता कोणी सांगत नाही. बेळगावचे आमचे नातेवाईक सांगत की तिकडे संध्याकाळी गोवा लावून बसत. गोव्यातल्या आम्हांला हे विचित्रच होते. पलीकडच्या लोकांना आपल्याकडची गाणी हवीत आणि आपल्या लोकांना पलीकडचे शब्द.

ते शब्द आले २५ नोव्हेंबर १९५५ पासून. आंबोलीच्या रानात लपवलेल्या ट्रान्समीटरवरून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गुप्त केंद्र चालवले, सुरुवातीला निकलाव मिनेझिसही त्यांच्याबरोबर होते. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला हलवले. पोर्तुगीजमध्ये ‘व्हॉझ द लिबर्दाद’, कोंकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. सहा वर्षे रानात, ओल, साप, पाऊस यांत बसून रोज बोलायचे ही काय चीज असेल ते आंबोलीचा पाऊस अंगावर घेतलेल्यालाच कळेल. आजोबांच्या सेटवर दोन्ही केंद्रे येत. बाबा सांगत की दिवसा एमिसोरा मोठ्याने, शेजाऱ्यालाही ऐकू जाईल असे, आणि नंतर दार लोटून दुसरे, कान सेटला लावून. मोठ्याने लावण्यामागचे कारण उघड आहे.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचे वायरलेस केंद्र रॉकेटांनी बंद पाडले. १९ तारखेला गोवा मुक्त झाला. मग लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई विमानात बसून, ध्वनिक्षेपक लावून, गोव्यावरून ती बातमी ओरडत फिरले. पुढे दोघांनी लग्न केले. लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२५ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर. मुक्तिदिनाच्या पुरवण्यांत हे सगळे दरवर्षी येतेच, पण रेडिओच्या परीक्षणात आले नाही तर मला चैन पडणार नाही. ज्या बांबोळीवर रॉकेटे पडली त्याच बांबोळीवरून मी आज सुपारीच्या कोळेरोगावरचा सल्ला ऐकते.

१९६२ पासून हे केंद्र आकाशवाणीचे. कवी बा. भ. बोरकर, म्हणजे आमचे बाकीबाब, १९५५ ते १९७० आकाशवाणीत होते, पुण्यात आणि इथे पणजीत. मराठीतही तेवढेच आणि कोंकणीतही तेवढेच असा माणूस या केंद्रात बसला होता, ही गोष्ट मला या केंद्राच्या स्वभावाची किल्ली वाटते. कारण गोव्यात भाषेवरून घराघरांत फूट पडलेली आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आमच्याकडे बाबा फुलाचे, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करावा या बाजूचे, आणि आजी दोन पानांची, म्हणजे गोवा वेगळा ठेवावा या बाजूची. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडले, तो निकाल घरच्यांनी रेडिओवर एकत्र बसून ऐकला, आणि त्या रात्री आजीने बाबांना मुद्दाम वाढून जास्त भात घातला असे आई सांगायची. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, कोंकणी राजभाषा ठरली, मराठीला तिच्या शेजारी जागा मिळाली. त्यावर आजही आमच्या गावात दोन मते आहेत आणि दोन्ही मोठ्या आवाजात आहेत.

रेडिओवर मात्र या भाषा एकाच सुईवर, एकामागून एक येतात. कोंकणी बातम्या झाल्या की नाट्यसंगीत, मग तियात्र या कोंकणी नाट्यप्रकारातली कांतारां म्हणजे गाणी, कधी मांडो हे गोव्याचे जुने गीत, कधी पोर्तुगीज गाणे. मला बार्देस आणि साष्टीची कोंकणी नीट कळते ती केवळ याच्यामुळे. सासरी-माहेरी दोन्हीकडे फोंड्याकडची अंत्रुजी कोंकणी बोलणारी मी, तियात्र बघायला कधी गेले नव्हते. पण तियात्रातला विनोद ऐकून खळ्यात सुपारी सोलणाऱ्या आम्ही सगळ्या बायका हसत बसलो आहोत. मडगावच्या बाजूची माझी एक मैत्रीण याच केंद्रावर नाट्यपदे ऐकून जितेंद्र अभिषेकींची भक्त झाली. तिचे नाव लिहिले तर ती रागावेल. निवडून, आवडीप्रमाणे ऐकण्याच्या आजच्या काळात मी मांडो शोधून लावला असता का? नसता लावला. हात चिखलात होते, बदलता आला नाही, म्हणून ऐकला, आणि आता आवडतो.

निवेदकांबद्दल एवढेच की ते घाईत नसतात. वाक्य पुरे करतात. गाणे वाजत असताना त्यावर बोलत नाहीत. एवढ्यासाठीसुद्धा मी गुण देईन.

शेतीच्या कार्यक्रमांबद्दल जरा सविस्तर, कारण मी तिथली खरी गिऱ्हाईक. जुन्या गोव्याच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ, खात्याचे अधिकारी येऊन बोलतात. पावसाच्या तोंडावर सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारायचे असते, कोळेरोग येऊ नये म्हणून: १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण कुळागरात कामाला नवीन पोरगा येतो तेव्हा त्याला माझ्या तोंडून ऐकलेले पटत नाही, रेडिओने सांगितले की पटते. पाहुण्या तज्ज्ञांना माझी एक विनंती: कागद घरी ठेवून या. जे वाचून दाखवतात त्यांचे ‘सदर पिकाच्या अनुषंगाने’ सुरू झाले की आमच्याकडे पाटाचे पाणी जास्त मोठ्याने ऐकू येते. आणि जे बोलतात, म्हणजे मुलाखतीत सरळ गप्पा मारतात, त्यांचे लोक लक्षात ठेवतात. दुपारच्या वेळी भाषण थोडे कमी आणि नाट्यपदे थोडी जास्त झाली तर आमची काही हरकत नाही.

आता सेटबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे. आमचा जुना ट्रान्झिस्टर, ज्याच्या परवान्याची पुस्तिका अजून कपाटात आहे (दरवर्षी पोस्टात पैसे भरून शिक्का मारून आणावा लागे, ऐंशीच्या दशकात ते बंद झाले), शेवटी उंदरांनी संपवला. नवा घ्यायला गेले तर दुकानात रांगेने स्पीकर, त्यांत दिवे लुकलुकतात, पेन ड्राइव्ह लागतो, एफएम लागते. मिडियम वेव्ह विचारले तर दुकानदाराचा पोरगा म्हणाला, ‘काकी, ते बंद झाले ना?’ मी म्हटले, आज सकाळी तर चालू होते.

शेवटी एक आकडे दाखवणारा सेट मिळाला. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तशा सेटांचे पोट आतून सारखेच असावे, वरचे नाव बदलते. घरी आणून लावला तर १२८० येते, पुढे दाबले की १२९०. १२८७ नाहीच. मधल्या खरखरीत केंद्र कुठेतरी बुडाल्यासारखे ऐकू येई. कारण असे की अमेरिकेत मिडियम वेव्हची केंद्रे दहा-दहा किलोहर्ट्झवर असतात, आपल्याकडे नऊ-नऊवर. सेट तिकडच्या मापाने लावलेला होता. बऱ्याच सेटांत एखादे बटण दाबून धरले की दहाचे नऊ होते. माहितीपत्रकात ते मुंगीएवढ्या अक्षरांत असते. भाच्याने भिंग घेऊन शोधले, तेव्हा कुठे १२८७ लागले. काटा फिरवायचे जुन्या पद्धतीचे सेट अजून मिळतात, त्यांना ही भानगड नाही, फक्त मिडियम वेव्हची पट्टी इतकी आखूड की काट्याच्या एका केसात दोन केंद्रे मावतात. म्हाताऱ्या बोटांना आकड्यांचा सेट बरा.

सेटइतकेच घरातले दिवे पाहावे लागतात. स्वस्त एलईडी बल्ब, फोनचा चार्जर, इन्व्हर्टर, यांच्यातून एक भुणभुण निघते आणि ती नेमकी मिडियम वेव्हवर बसते. आमच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी केंद्र ऐकू येत नव्हते, पावसात वीज गेली की स्पष्ट यायचे. एकेक बल्ब काढून पाहिला तेव्हा सिंकवरचा एक निघाला. तो बदलला. सेट विजेवर लावला तर त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरचीच गुणगुण येते, म्हणून मी सेलवर चालवते. सेल लवकर संपत नाहीत, आणि चवथीच्या आठवड्यात वादळाने तारा तुटल्या तरी घुमट या वाद्यावरच्या आरत्या चालू राहतात.

‘फोनवर ऐका की’ असे जे सांगतात त्यांच्यासाठी. आकाशवाणीचे ॲप आहे, पणजी त्यावर सापडते, आणि आवाज मिडियम वेव्हपेक्षा साफ येतो हे मान्य. मुंबईत राहणारी माझी मुलगी असेच ऐकते. पण ॲपला टॉवर लागतो, डेटा लागतो, चार्ज केलेला फोन लागतो, आणि तो फोन ओल्या हाताने धरावा लागतो. शिवाय ते मागून येते. अंगणात फोन आणि सेट दोन्ही एकाच बातम्यांना लावून पाहा, निवेदिका सेटवर पुढचे वाक्य सुरू करते तेव्हा फोनवर अजून मागचे चालू असते. मला त्याचे काही नाही. पण याच्या जोरावर कोणी ‘आता मिडियम वेव्ह कशाला’ म्हणत असेल तर त्याने जुलै महिन्यात आमच्याकडे यावे, जेवायला घालीन, फक्त फोन लावून दाखवावा. देशात कितीतरी मिडियम वेव्ह ट्रान्समीटर या काही वर्षांत बंद झाले आहेत. खर्च असतो, मी समजू शकते. १०० किलोवॅट म्हणजे पोरखेळ नव्हे, विजेचे बिल मोठे येणारच. पण एफएमने हे काम करायचे तर सत्तरीत, सांग्यात, काणकोणात किती डोंगरांवर किती खांब उभारावे लागतील, तेही एकदा कोणीतरी मोजावे.

कोणी घ्यावी ही सेवा? दरीत राहणाऱ्याने, हाताने काम करणाऱ्याने, रात्रपाळीच्या राखणदाराने, एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी. फुकट आहे. फक्त सेट घेताना पैसे देण्याआधी १२८७ लावून दाखवायला सांगा. दुकानात लागणार नाही, एवढ्या दिव्यांत लागूच शकत नाही. दुकानदाराला घेऊन रस्त्यावर या, सेट हळूहळू पूर्ण गोल फिरवा, आणि कुठल्याच दिशेला बांबोळी सापडली नाही तर आतली कांडी आखूड आहे समजा आणि दुसरा दाखवायला सांगा.